शेठ, "कोणी मेलं का?"

रा. रा. गॅसवाले शेठ यांस,

गाळ्यातल्या स्फोटानंतर जामिनावर सुटून आल्यावर तुम्ही पलीकडच्या गल्लीत दुसरा गाळा घेतलात. चहाच्या टपरीवर कोणीतरी तुम्हाला टोकलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढा बाऊ कशाला करता? कोणी मेलं का?" टपरीवरची माणसं गप्प बसली, असं मला नंतर कळलं. प्रश्न तुम्ही चारचौघांत विचारलात, म्हणून उत्तरही चारचौघांत देतो आहे.

आधी तुमच्या धंद्याविषयी. किराण्याच्या दुकानाला पाटी असते, पिठाच्या गिरणीला असते, सलूनला असते. तुमच्या गाळ्याला कधीच नव्हती. तरी सातपूरच्या रिक्षावाल्याला आणि नाशिकरोडच्या ओम्नीवाल्याला तुमचा पत्ता पाठ होता. शटर अर्धं खाली, आत घरगुती लाल टाक्यांची रांग, एक विजेची मोटर, रबरी नळी, पितळी नोझल आणि भंगारात घेतलेला वजनकाटा. एवढ्या भांडवलावर तुम्ही आमच्या गल्लीत गॅसचा पंप चालवलात. वरच्या मजल्यावर एक आजी दिवसभर खाटेवर असतात. शेजारी शिकवणी चालते. समोर पोळी-भाजी केंद्र आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ चार शेगड्या पेटलेल्या असतात. या सगळ्यांच्या मधोमध तुम्ही एका टाकीतला गॅस दुसऱ्या टाकीत ओतत बसायचात.

तुमची कमाई कुठून येते, हे आता गल्लीतल्या शाळकरी मुलांनाही समजलं आहे. घरातली लाल टाकी १४.२ किलोची, तिच्यावर जीएसटी ५ टक्के. हॉटेलची निळी टाकी १९ किलोची, तिच्यावर १८ टक्के. किलोच्या भावात दोन्हींमध्ये मोठी तफावत. त्या तफावतीत तुमचं घर चालतं. वडापावच्या गाडीवाल्याचे शे-दोनशे रुपये वाचतात, रिक्षावाल्याची पंपावरची रांग चुकते, तुमच्या खिशात पैसे पडतात. वरच्या आजींना यातून काय मिळतं? ओम्नीत दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या पोरांना काय मिळतं? गाडीत मुलं बसलेली असताना मागची टाकी भरून देताना तुम्हाला गल्लीने पाहिलं आहे. फायदा तुमचा आणि डावावर लावलेलं घर दुसऱ्याचं, असा हा व्यवहार. ज्याचं घर लावलं त्याला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

गरिबांची सोय करतो, हे तुमचं आवडतं वाक्य. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत येणाऱ्या परगावच्या मजुरांकडे पत्त्याचा पुरावा नसतो, त्यांना दोन किलो गॅस कोण देणार, असं तुम्ही म्हणता. त्यांची अडचण खरी आहे. पण पाच किलोची छोटी टाकी तेल कंपन्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय विकतात, नुसतं ओळखपत्र पुरतं. ती कारखान्यात भरलेली असते, तिच्या झडपेची तपासणी झालेली असते. हे त्या मजुराला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही ते अर्धं मिनिट कधी खर्च केलं नाहीत, कारण ते सांगितलं की गिऱ्हाईक जातं.

आता त्या संध्याकाळविषयी. तुम्ही पळालात, त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलेलं नाही. आम्ही पाहिलं.

दिवेलागणीची वेळ होती. मी भाजी घेऊन कोपऱ्यावर आलो होतो. आधी उजेड दिसला, तुमच्या उंबऱ्यापासून जमिनीलगत सरपटत गेलेला निळसर पिवळा उजेड, आणि लगेच धक्का बसला. आवाज कानांपेक्षा छातीला जास्त लागला. तुमचं शटर पत्र्याच्या डब्यासारखं चेपून समोरच्या भिंतीवर आदळलं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या काचा खाली आल्या. आणि तुमच्या गाळ्यापासून तिसऱ्या घरासमोर, जिथे ना टाकी होती ना शेगडी, तिथलं गटाराच्या चेंबरचं झाकण उडालं आणि आतून ज्वाळा वर आली. त्या झाकणाला स्टंप मानून गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात. परीक्षेचे दिवस होते, म्हणून पोरं घरात होती.

शेठ, कोणी मेलं का, याच्या उत्तरातला पहिला भाग तो आहे. शाळेचं वेळापत्रक.

मग तुमच्याकडे कामाला असलेला पोरगा बाहेर आला. त्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही. हातांची कातडी कोपरापर्यंत सुटली होती, भुवया जळून गेल्या होत्या, आणि तो ओरडत होता, "आत टाक्या आहेत, पळा!" स्वतःचे हात समोर धरून त्याने अख्ख्या गल्लीला सावध केलं. तुम्ही तेव्हा मोटारसायकलला किक मारत होतात. त्याच्या सांगण्यावरून लोकांनी आजींना खाटेसकट उचलून मागच्या बोळातून नेलं. थोड्या वेळाने दुसरी टाकी फुटली, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. हा उत्तराचा दुसरा भाग. माणसं वाचली ती तुम्ही ज्याला रोजंदारीवर राबवलंत त्या पोरामुळे. तो पुढे जळीत कक्षात होता. तिथे दर ड्रेसिंगला काय होतं, ते एकदा त्याच्या आईला विचारा. चेहरा दाखवायची हिंमत असेल तर.

अग्निशमन दलाचा बंब आला. जवानांनी उतरल्या उतरल्या एकच विचारलं, "आत किती टाक्या आहेत?" कोणालाही सांगता येईना. हा आकडा जगात फक्त तुम्हाला माहीत होता. आत दोन टाक्या आहेत की वीस, भरलेल्या की रिकाम्या, यावर जवानाने किती जवळ जायचं, लांबूनच पाणी मारून टाक्या थंड ठेवायच्या की आत शिरायचं, हे ठरतं. तुम्ही पळताना एक आकडा ओरडून सांगितला असतात, तरी त्या माणसांवर उपकार झाले असते. आपापल्या घरी बायको-पोरं सोडून ती माणसं तुमच्या टाक्या विझवायला आली होती. त्यांना तुम्ही अंधारात ढकललंत.

"मी पंधरा वर्षं हेच करतोय, मला कळतं," असंही तुम्ही म्हणता म्हणे. तुम्हाला काय कळतं ते पाहू.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की वर जाऊन विरत नाही, फरशीवर बसतो, उंबऱ्याखालून ओघळतो, मोरीत आणि गटारात उतरतो. म्हणून झाकण तिसऱ्या घरासमोर उडालं. टाकीत तो द्रवरूपात असतो, बाहेर पडला की साधारण अडीचशे पट फुगतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं अलीकडे आलं की ठिणगीची तेवढी वाट पाहायची. तुमच्या गाळ्यात ठिणगी पाडायला काय नव्हतं? मोटर साधी, बटण साधं, वायरीला चिकटपट्ट्या. गॅसच्या बॉटलिंग प्लांटमध्ये मोबाइल बाहेर ठेवून घेतात, ठिणगी बाहेर येणार नाही अशीच विजेची उपकरणं बसवतात. तुम्ही पंख्याच्या बटणाशेजारी बसून नोझल काढत होतात.

टाकी काठोकाठ भरायची नसते, हे तरी ठाऊक होतं का? घरगुती टाकीत द्रव वाढायला जागा राहावी म्हणून वरचा भाग मोकळा ठेवतात. गाडीसाठी बनवलेल्या एलपीजीच्या टाकीत ८० टक्क्यांना भरणं आपोआप थांबवणारी झडप असते. तुमच्याकडे थांबवणारं काय होतं? एक वजनकाटा आणि तुमचा अंदाज. द्रवाने गच्च भरलेली टाकी एप्रिल-मेच्या उन्हात रिक्षाच्या सीटखाली तापते, तेव्हा आतल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही. ती रिक्षा मग नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला उभी राहते. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण उभं आहे, हे ना तुम्हाला माहीत, ना त्यांना.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. माणसाला वेळेत पळता यावं, एवढ्याचसाठी तो वास आहे. शेजारच्या वहिनी तुमच्याकडे येऊन म्हणाल्या होत्या, "भाऊ, फार वास येतो हो, डोकं दुखतं." तुम्ही काय केलंत? पोराला अगरबत्ती लावायला सांगितलंत. गळणाऱ्या गॅसच्या खोलीत विस्तव. मला तुमचा राग अनेक गोष्टींसाठी आहे, पण त्या अगरबत्तीसाठी सर्वांत जास्त आहे. धोका सांगणारी एकच गोष्ट होती, तीही तुम्ही झाकायला निघालात.

तर, कोणी मेलं का. ८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र. पिंपरी-चिंचवडच्या ताथवड्यात तुमच्याच जातकुळीची माणसं टँकरमधून टाक्यांत चोरून गॅस भरत होती. शेजारी जेएसपीएमचं कॉलेज. भडका उडाला आणि एकामागून एक नऊ टाक्या फुटल्या. जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. तिथेही कोणी मेलं नाही. कारण रात्रीचे साधारण अकरा वाजले होते आणि बस रिकाम्या होत्या. हेच दुपारी शाळा सुटताना झालं असतं तर काय, हा प्रश्न त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापाला पडला. तुमच्या लोकांना पडला नाही. तिथेही टँकरचा चालक आणि साथीदार पळाले होते. पळण्यात तुमचा धंदा तरबेज आहे.

लालबागला मात्र माणसं गेली. ६ डिसेंबर २०२०, गणेश गल्लीतली साराभाई इमारत, रविवारची सकाळ. घरात लग्नाची तयारी चाललेली होती. टाकीतून गॅस गळत राहिला, जमिनीलगत साचत राहिला. वास आल्यावर माणसं काय झालं ते पाहायला गेली, जसं कोणताही चांगला शेजारी जाईल, आणि तेव्हाच स्फोट झाला. सोळा जण भाजले. पुढच्या दिवसांत त्यांतले कित्येक एकेक करून गेले. तिथे चोरीचा धंदा नव्हता, एक गळती होती फक्त. एका घरातली एक गळती एवढं करते. तुमच्या गाळ्यात टाकीचं तोंड दिवसातून कितीदा उघडलं जात होतं, ते तुमच्या वहीत असेल.

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ अजमेर रस्त्यावर गॅसच्या टँकरला ट्रकने धडक दिली. गॅस रस्त्यावर पसरला, मग पेटला. मागे-पुढे रांगेत उभ्या गाड्यांतली माणसं जागच्या जागी जळाली. मेक्सिको शहराजवळ सान हुआनिको नावाची वस्ती आहे. तिथे गॅसचा साठा आणि घरं एकमेकांना चिकटून होती. १९ नोव्हेंबर १९८४ च्या पहाटे टाक्या फुटायला लागल्या आणि पाचशेच्या वर माणसं गेली, बरीचशी अंथरुणातच. तुमचा साठा त्याच्यापुढे चिमूटभर आहे, हे मला कळतं. पण तुमच्या गाळ्याचं छत आणि आजींच्या खोलीची फरशी एकच होती.

तुमच्यावर लिहिताना बाकीच्यांना मोकळं सोडणार नाही. तुमच्याकडे एवढ्या भरलेल्या लाल टाक्या आल्या कुठून? शेतात त्या उगवत नाहीत. प्रत्येक टाकी कोणत्या तरी घराच्या नावावर, कोणाच्या तरी नोंदणीवर निघालेली असते. एजन्सीतून निघालेला टेम्पो तुमच्या शटरसमोर थांबायचा, हे गल्लीला दिसत होतं. कधी सीलबंद टाकीतून किलो-दीड किलो काढून, पुन्हा सील लावून तीच टाकी पुढे घरी पोहोचायची. घरात महिना पुरणारी टाकी पंचवीस दिवसांत संपली, की बाई स्वतःलाच दोष द्यायची, पाहुणे जास्त आले म्हणून. तुमच्या गाळ्याच्या मालकाला भाडं बाजारभावाच्या दुप्पट मिळत होतं, आणि दुप्पट का मिळतं हे त्याने विचारलं नाही. गस्तीची गाडी तुमच्या दारावरून जायची. जाताना तिचा वेग कमी व्हायचा, थांबायची मात्र कधी नाही.

कायद्यात तुमच्यासाठी बरंच लिहून ठेवलेलं आहे. परवान्याशिवाय टाकी भरणं हा गुन्हा आहे. त्याचे नियम पाहणारी देशाची संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. घरगुती टाकी दुसऱ्या कामाला वापरायला २००० सालच्या एलपीजी आदेशाने बंदी आहे. तो मोडला तर १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण ज्वालाग्राही वस्तूंबाबत निष्काळजीपणाचं जे कलम अशा वेळी हमखास लागतं, ते भारतीय न्याय संहितेचं २८७. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र गुन्हा. तुम्ही इतक्या लवकर टपरीवर चहा प्यायला कसे आलात, ते यावरून समजतं. कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा, हे ज्यांच्या हातात आहे त्यांनी जीवनावश्यक वस्तू कायद्याचं पान उलटावं, एवढी आमची मागणी आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही.

नुकसानभरपाईचं म्हणाल, तर तेल कंपन्यांचा विमा नोंदणीकृत ग्राहकाच्या जागी झालेल्या अपघातासाठी असतो. तुमचा गाळा कोणाचं घर नव्हता, तिथे कोणी ग्राहक नव्हता. शिकवणीच्या खिडक्या, आजींच्या खोलीची भिंत, पोळी-भाजीवाल्या ताईंचा बुडालेला धंदा, हे सगळं ज्याचं त्याने भरलं. तुम्ही एका काचेचे पैसे दिले नाहीत.

हे आत्ताच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. तपोवनात साधुग्राम उभं राहील, मंडप पडतील, अन्नछत्रं चालतील, रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटांवर चहा-नाश्त्याच्या हजारो गाड्या लागतील. प्रत्येकाला गॅस लागेल, आणि तो लगेच लागेल. तुम्ही नवा गाळा मोठा घेतला आहे, मागे जाळी असलेली खोली आहे, हे आम्ही पाहिलं. कशासाठी घेतला, तेही कळलं. प्रयागराजच्या कुंभात १९ जानेवारी २०२५ ला तंबूंना आग लागली आणि टाक्या फुटत गेल्या. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. तिथे मोकळं मैदान होतं, बंब जवळ उभे होते. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या बोळांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. पर्वणीच्या दिवशी त्या बोळांत लाखो माणसं असतील. तिथे तुमच्यासारख्याने भरलेली एक टाकी फुटली, तर माणसं भाजण्याआधी चेंगरून मरतील. तेव्हाही तुम्ही मोटारसायकलला किक माराल, पण गर्दीमुळे ती निघणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं आहे. नाही, मेलं नाही कोणी. परीक्षा होती, पोरगा ओरडला, आजी हलक्या होत्या म्हणून चौघांना पटकन उचलता आल्या. यातली एकही गोष्ट तुमच्या हातची नव्हती.

आता आम्ही काय केलं ते ऐका. गल्लीतल्या बावन्न घरांच्या सह्यांचा अर्ज जिल्हा पुरवठा अधिकारी, पोलिस आयुक्तालय आणि महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे दिला आहे. तिन्ही ठिकाणची पोच घेतली आहे. अर्जासोबत तुमच्या नव्या गाळ्यात उतरवल्या जाणाऱ्या टाक्यांचे फोटो आहेत, टेम्पोच्या नंबरसकट. नव्या गाळ्याच्या मालकालाही एक प्रत दिली. भाडं घेणाराही गुन्ह्यात सापडू शकतो, हे त्याला समजावून सांगितलं, आणि ते त्याला लगेच समजलं. दोन्ही गल्ल्यांतल्या प्रत्येक दारावर गॅस गळतीचा १९०६ आणि अग्निशमनचा १०१ हे क्रमांक चिकटवले आहेत. वास आला की आता कोणी तुमच्याकडे येणार नाही, थेट फोन लागेल. तुमच्याकडे कामाला असलेल्या पोराच्या उपचारांचा खर्च कामगार कायद्याखाली तुमच्याकडून वसूल करायला वकील दिला आहे. त्याची नोटीस तुम्हाला वेगळी येईल. या पत्राच्या बाकीच्या सगळ्या प्रती वाटून झाल्या. ही तुमची.